पहिल्याच दिवशी ‘स्टॉक संपला’ का?

नवा गेमिंग कन्सोल बाजारात आला म्हणतात, पण दुकानात काही दिसत नाही, ही तक्रार कन्सोलइतकीच जुनी आहे. या वेळी निवडलेल्या प्रश्नांना उत्तरं देताना दोन लाँच समोर ठेवले आहेत: सोनीचा प्लेस्टेशन ५ म्हणजे पीएस ५ (नोव्हेंबर २०२०) आणि निन्टेंडोचा स्विच २ (जून २०२५). एकाच्या मागे लोक दोन वर्षं धावले, दुसरा बऱ्याच देशांत पहिल्या आठवड्यातच हाती लागला. त्या दोघांतल्या फरकात बरीच उत्तरं दडलेली आहेत.

कंपन्या मुद्दाम कमी माल काढतात आणि हवा तयार करतात, असं आमचा नेहमीचा दुकानदार छातीठोकपणे सांगतो. खरं काय? — एक वाचक, नाशिक

दुकानदाराचं म्हणणं अर्धं सोडून द्या. पेटी गोदामात दडवून ठेवण्यात कंपनीला फारसा लाभ नसतो. कन्सोल सुरुवातीला बहुधा तोट्यात किंवा ना नफा ना तोटा असाच विकला जातो. पीएस ५ ची डिस्कवाली आवृत्ती आता तोट्यात विकली जात नाही, हे सोनीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, म्हणजे लाँचनंतर नऊ महिन्यांनी. खरी कमाई गेम आणि सदस्यत्वाची. ज्याच्या घरी यंत्रच नाही, तो गेम कुठून घेणार?

मग माल कमी का पडतो? याचं उत्तर चिपच्या हिशेबात आहे. पीएस ५ ची मुख्य चिप एएमडी या कंपनीने आखलेली आणि तैवानच्या टीएसएमसीने ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनवलेली. तिचं क्षेत्रफळ सुमारे ३०८ चौरस मिलिमीटर. ज्या चकतीवर या चिप कोरतात, तो वेफर, ३०० मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे साधारण ७०,७०० चौरस मिलिमीटर. नुसता भागाकार केला तर २२९ येतात. पण चकती गोल आणि चिप चौकोनी, त्यामुळे कडेचे तुकडे वाया जातात आणि हाती १९० च्या आसपास उरतात. शंकरपाळ्या कापताना पोळीच्या कडेला जे होतं, तेच. त्यातल्या काही सदोष निघतात. उदाहरणादाखल शंभरात वीस वाया गेल्या असं धरलं, तर एका वेफरमधून दीडशे चिप. दहा लाख कन्सोलसाठी झाले साडेसहा हजारांहून जास्त वेफर.

दोष निघणार हे धरूनच चिप आखलेली असते. पीएस ५ च्या चिपवर ग्राफिक्सचे ४० गट कोरलेले आहेत, वापरात मात्र ३६ च. चार बिघडलेले निघाले तरी चिप चालते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज एक्समध्ये ५६ पैकी ५२ वापरतात. तिची चिप आणखी मोठी, ३६० चौरस मिलिमीटरची, म्हणून वेफरमागे १६० च्या घरात. आणि त्याच घरातला धाकटा, सीरीज एस? चिप १९७ चौरस मिलिमीटर, एका वेफरमध्ये तीनशेच्या वर. सीरीज एक्स मिळत नव्हता त्या दिवसांत सीरीज एस बऱ्याचदा मिळत होता, त्याचं एक मोठं कारण हे.

आता वेळ. वेफर कारखान्यात शिरल्यापासून बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. पुढे चिप कापणं, तळपट्टीवर (चिपखालच्या आधारावर) बसवणं आणि चाचणी यांत काही आठवडे, मग जुळणी, मग जहाज. नोव्हेंबरात दुकानात येणाऱ्या पेटीची चिप वसंतातच मागवलेली असावी लागते. म्हणजे लाँचच्या दिवशी रांगेत किती माणसं आहेत हे कळेपर्यंत पेट्या किती हा आकडा सहा-आठ महिन्यांपूर्वीच बंद झालेला असतो. गर्दी पाहून वाढवायचं म्हटलं, तर वाढलेला माल पुढच्या उन्हाळ्यात येणार.

शिवाय मोठी चिप आली म्हणून काम संपत नाही. पीएस ५ मध्ये २ जीबीच्या आठ मेमरी चिप लागतात, वीजनियंत्रणाच्या स्वस्त चिप लागतात, वाय-फायची लागते. यातली एकही कमी पडली तर बाकी सगळा माल तसाच पडून. २०२१ मध्ये नेमकं हे झालं: जुन्या तंत्राच्या, काही रुपयांच्या चिप मोटारगाड्यांपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांनाच हव्या होत्या. आणखी एक गंमत. मोठ्या चिपच्या तळपट्टीत थरांमधला विद्युतरोधक म्हणून एक पातळ फिल्म वापरतात, ती जपानची अजिनोमोटो कंपनी बनवते. हो, चायनीजच्या गाडीवरची तीच. त्या काळात या तळपट्ट्याही जगभर कमी पडल्या होत्या.

तरीही दुकानदाराचं अर्धं म्हणणं उरतं. माल तुटपुंजा आहे हे माहीत असूनही कंपनी नाताळाचा हंगाम गाठायला तारीख जाहीर करते, आणि आहे तो माल कोणत्या देशाला किती द्यायचा हेही तीच ठरवते. टंचाई घडवलेली नसते. पण ती कोणाच्या वाट्याला घालायची, हे ठरवून केलेलं असतं.

स्विच २ ला मग चिप कशा मिळाल्या? तो तर बाहेर सहज मिळाला असं ऐकतो. — एक वाचक, पुणे

आकडे शेजारी ठेवून पाहा. स्विच २ हा ५ जून २०२५ रोजी आला आणि चार दिवसांत जगभर ३५ लाखांवर विकला गेला. पीएस ५ ला ३१ डिसेंबर २०२० पर्यंत, म्हणजे जवळपास सात आठवड्यांत, ४५ लाख. दोन्हींना मागणी भरपूर होती. फरक पडला तो पहिल्या दिवशी गोदामात काय होतं याने.

निन्टेंडोने घाई केली नाही. अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२४ च्या भागधारक सभेत सांगितलं होतं की, काळ्या बाजारावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे मागणीला पुरेल इतकं उत्पादन. ऐकायला साधं आहे, पण त्याचा अर्थ असा की तयार माल महिनोन् महिने साठवायचा, त्यात भांडवल अडकवायचं आणि जुना स्विच रोडावत असतानाही दम धरायचा. ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत स्विच २ चा आकडा १ कोटी ३ लाखांच्या वर गेला. पीएस ५ ला एक कोटी गाठायला जुलै २०२१ उजाडला होता.

सगळं गुळगुळीत झालं असंही नाही. अमेरिकेत प्री-ऑर्डर ९ एप्रिलला सुरू व्हायच्या होत्या. २ एप्रिलला नवं आयातशुल्क जाहीर झालं, त्यात व्हिएतनामवर ४६ टक्के, आणि अमेरिकेसाठीचा माल मुख्यतः व्हिएतनाममध्येच बनत होता. प्री-ऑर्डर २४ एप्रिलवर गेल्या. कन्सोलची किंमत ४४९.९९ डॉलरच राहिली, पण जोडसामान महागलं: प्रो कंट्रोलर ७९.९९ वरून ८४.९९, डॉकचा (टीव्हीला जोडायच्या स्टँडचा) संच १०९.९९ वरून ११९.९९. यंत्राची किंमत बातम्यांत येते म्हणून तिला धक्का लावायचा नाही, जोडसामानाकडे कोण बघतंय!

इतिहास हवा असेल तर दोनच दाखले. अमेरिकेत पीएस २ साठी पहिल्या दिवशी १० लाख यंत्रांचं नियोजन होतं. सुटे भाग कमी पडले आणि २६ ऑक्टोबर २००० ला पोहोचली ५ लाख. पीएस ३ मध्ये ब्ल्यू-रे डिस्क वाचणारा निळा लेझर डायोड अडला आणि युरोपचा लाँच मार्च २००७ पर्यंत ढकलावा लागला. घोडं दर वेळी वेगळ्या भागापाशी अडतं, अडतं मात्र नक्की.

भाऊ टोकियोला नोकरीला आहे. तिथे स्विच २ खूप स्वस्त पडतो म्हणे. मागवू का? आणि ही लॉटरी काय भानगड आहे? — एक वाचक, कोल्हापूर

आधी लॉटरी. जपानमध्ये निन्टेंडोने स्वतःच्या ऑनलाइन दुकानातली विक्री सोडत काढून केली. अर्ज कोणालाही करता येत नव्हता. जुन्या स्विचवर २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत किमान ५० तास खेळलेलं हवं, त्यात डेमो आणि मोफत गेमचे तास धरायचे नाहीत. आणि ऑनलाइन सदस्यत्व एकूण वर्षभराचं असून अर्जाच्या वेळी चालू हवं. गाळणी सोपी पण चोख आहे. नफेखोर शंभर खाती एका रात्रीत उघडेल, पण सरलेल्या तारखेआधीचे ५० तास तो आणणार कुठून? तरीही पहिल्या सोडतीला २२ लाख अर्ज आले. नंबर न लागलेल्यांचे अर्ज पुढच्या सोडतीत आपोआप घेतले गेले.

पीएस ५ च्या काळात तिथल्या काही दुकानांनी याहून गावरान उपाय केले होते. पेटीवर गिऱ्हाइकाचं नाव मार्करने लिहायचं किंवा कंट्रोलरची पिशवी काउंटरवरच फाडायची. खेळणाऱ्याचं काही बिघडत नाही. ‘न उघडलेला’ म्हणून चढ्या भावाने विकणाऱ्याचा मात्र माल तिथेच पडतो.

आता किंमत. लाँचच्या वेळी ४९,९८० येन, म्हणजे २०२५ च्या दराने तीस हजार रुपयांच्या आतबाहेर. स्वस्त आहे, पण हा ‘जपानी भाषा’ मॉडेल आहे. मेनूची भाषा फक्त जपानी, ती बदलता येत नाही. आणि त्याला देश ‘जपान’ ठेवलेलंच निन्टेंडो खातं जोडता येतं. पुढे अपडेट टाकून ही अट सुटेल अशा भरवशावर घेऊ नका. सगळ्या भाषांचा मॉडेल जपानमध्ये लाँचला ६९,९८० येनला होता, तोही फक्त निन्टेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात. म्हणजे स्वस्ताईचा मुद्दाच निकालात. भावाला जपानी येत असेल आणि यंत्र त्याच्याकडेच राहणार असेल तर त्याने खुशाल जपानी भाषेचाच घ्यावा. तुमच्यासाठी अमेरिका, सिंगापूर किंवा दुबईहून येणारा सर्वभाषी मॉडेल बरा.

आणताना एवढं बघा. बॅटरी ५,२२० एमएएचची, साधारण २० वॉट-तास. विमानाच्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या पुष्कळ आत, पण यंत्र केबिन बॅगेतच ठेवायचं. सोबतचा ॲडॉप्टर ६० वॉटचा आणि १०० ते २४० व्होल्टवर चालणारा. म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, चपट्या पिनेचा साधा कन्व्हर्टर पुरतो. बिल जपून ठेवा. परदेशातून येणाऱ्या निवासी भारतीयाला २०१६ च्या सामान नियमांत ५०,००० रुपयांपर्यंत शुल्कमाफी होती. प्रवासाच्या आठवड्यात लागू असलेली मर्यादा सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पाहून निघा. त्यात फक्त कन्सोल मोजत नाहीत, नवं घड्याळ, अत्तर, भाच्यांची खेळणी सगळं मोजतात. कुरिअरने मात्र मागवू नका. भेटवस्तूंना मिळणारी शुल्कमाफी २०१९ च्या डिसेंबरातच गेली.

पीएस ५ प्रो भारतात आलाच नाही. आपल्यालाच का वगळतात? — एक वाचक, पणजी

या खेपेला कारण चिपचं नव्हतं, रेडिओ लहरींचं होतं. ७ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या प्रोमध्ये, म्हणजे पीएस ५ च्या जास्त ताकदीच्या आवृत्तीत, वाय-फाय ७ आहे, आणि ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं. तो पट्टा जिथे खुला झालेला नाही त्या देशांत प्रो विकणार नाही, आणि त्यांत सध्या भारत आहे, असं सोनीने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडे या पट्ट्याचा खालचा भाग परवान्याविना खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला.

एरवीचा उशीर मात्र वाटणीचा असतो. पीएस ५ अमेरिका-जपानात १२ नोव्हेंबर २०२० ला, बऱ्याच देशांत १९ नोव्हेंबरला, आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. प्री-ऑर्डर १२ जानेवारीला दुपारी १२ वाजता उघडल्या आणि काही मिनिटांत बंद. तेव्हा ३९,९९० ची डिजिटल (डिस्क न घेणारी) आवृत्ती लाँचला नव्हतीच, फक्त ४९,९९० ची डिस्कवाली. कन्सोल विकून मागून गेम आणि सदस्यत्वाचं उत्पन्न जिथे जास्त, तिथे पहिला माल. यात आपला नंबर खाली आहे हे मान्य केलेलं बरं. निन्टेंडोचा तर इथे अधिकृत वितरकही नाही आणि भारतासाठी ऑनलाइन दुकानही नाही. दुकानात दिसतो तो सगळा बाहेरून आणलेला माल.

पुढच्या वेळी प्री-ऑर्डर उघडेल तेव्हा हमखास मिळवायची पद्धत सांगा. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

हमखास काही नाही. पण ज्या चुकांमुळे हातातली ऑर्डर निसटते त्या टाळता येतात, आणि त्यातल्या बहुतेक आदल्या दिवशीच टाळायच्या असतात.

पहिली गोष्ट पिनकोड. मोठ्या दुकानांचा माल ठरावीक गोदामांतूनच सुटतो, आणि ‘तुमच्या भागात पोहोचवत नाही’ हे पान पैसे भरायच्या पायरीवरच सांगतं. आदल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याची तशीच जड वस्तू, टीव्ही नको पण दुसरा कन्सोल किंवा प्रिंटर, कार्टमध्ये टाकून तुमचा पिनकोड चालतो का पाहा. नसेल चालत तर मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाचा पत्ता खात्यात आधीच भरून ठेवा.

दुसरी, कार्ड. ऑक्टोबर २०२० पासून कार्डावर ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकेच्या ॲपमध्ये आहे. अनेकांची मर्यादा पंचवीस हजारांवर असते आणि पंचावन्न हजारांचा व्यवहार तिथेच आपटतो. ती आदल्या रात्री वाढवा, काम झालं की खाली आणा. दुकाने आता कार्डाचा क्रमांक साठवू शकत नाहीत, त्याच्या बदली एक सांकेतिक क्रमांक (टोकन) साठवतात. म्हणून एखादी शंभर रुपयांची वस्तू घेऊन कार्ड त्या दुकानात जतन करून ठेवा. ऐन वेळी सोळा आकडे टाइप करण्यात पाऊण मिनिट जातं, आणि पाऊण मिनिट खूप असतं. ईएमआय निवडू नका, त्यात दोन पानं वाढतात. यूपीआय वापरणार असाल तर त्या दिवशीची मर्यादा आधी कशात संपवू नका.

तिसरी, टॅब एकच. पाच टॅब, दोन फोन आणि लॅपटॉप घेऊन एकाच खात्यातून बसणारा माणूस दुकानाच्या यंत्रणेला बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारा प्रोग्राम, वाटतो. जिथे ऑनलाइन रांग असते तिथे तुमचा क्रमांक त्या ब्राउझरच्या सत्राला बांधलेला असतो. रिफ्रेश मारलं की कधी कधी शेवटी जाता. घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या खात्यांतून, एकाने वाय-फायवर आणि एकाने मोबाइल डेटावर प्रयत्न केला, तर ते ठीक. ओटीपी ज्या फोनवर येतो त्याला रेंज आहे ना, एवढं जरूर पाहा. बाबांचा नंबर बँकेत आहे आणि बाबा शेतावर आहेत, असं नको.

चौथी. कार्टमध्ये टाकलं म्हणजे राखलं गेलं असं बहुतेक दुकानांत नसतं. पेटी तुमची होते ती पैसे जमा झाल्यावर. वॉरंटी वाढवण्याची, विम्याची, कूपनची चौकट आली की वाचत बसू नका, पुढे चला.

आणि पहिला प्रयत्न हुकला तरी पान लगेच बंद करू नका. ज्यांचे व्यवहार अडतात त्यांच्या पेट्या दहा-पंधरा मिनिटांनी परत विक्रीला येतात.

पैसे कापले गेले, ऑर्डर झालीच नाही. विक्रेता म्हणतो बँकेला विचारा, बँक म्हणते विक्रेत्याला. — एक वाचक, लातूर

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याला पोहोचल्याची खूण मिळाली नाही, तर यूपीआय असो वा ऑनलाइन कार्ड, व्यवहाराचा दिवस सोडून पुढच्या पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेशी बोलताना यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. नुसतं ‘बघतो’ चालणार नाही. मात्र ऑर्डर नोंदली गेली आणि मग विक्रेत्याने ‘स्टॉक नाही’ म्हणून रद्द केली असेल तर तो बँकेचा प्रश्न नाही, परतावा विक्रेत्याने द्यायचा. तो टाळाटाळ करत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दुकानदार म्हणतो, तीन गेम आणि जादा कंट्रोलर घेतलात तरच कन्सोल. हे चालतं का? — एक वाचक, सांगली

चालत नाही. एक वस्तू द्यायला दुसरी घेण्याची अट घालणं, हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम २(४१) प्रमाणे निर्बंधात्मक व्यापार आहे. कंपनीनेच एका पेटीत गेमसह बांधून काढलेला संच वेगळा, त्यावर स्वतःची छापील किंमत असते. तसंच छापील कमाल किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. अडचण अशी की दुकानदार बिलावर सगळं ‘गिऱ्हाइकाच्या पसंतीने’ दाखवतो. म्हणून अट व्हॉट्सॲपवर लिहून मागा: ‘नुसता कन्सोल मिळेल का, किती?’ बहुतेक वेळा एवढ्यानेच सूर बदलतो.

सीलबंद म्हणून ओळखीतल्या एकाकडून घेतोय. काय तपासू? — एक वाचक, अमरावती

पीएस ५ असेल तर पेटीवरचा मॉडेल क्रमांक बघा. भारतात अधिकृतपणे आलेल्या मॉडेलच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन ०८ असतात: सीएफआय-१००८ए, सीएफआय-१२०८ए, सीएफआय-२००८ए. शिवाय आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असलेलं लेबल हवं. ते नसेल तर माल बाहेरचा आहे आणि इथली वॉरंटी धरून चालू नका. पेटीवरचा सिरियल नंबर यंत्रावरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे, म्हणजे पेटी समोर उघडावी लागते. ‘सील तोडलं तर परत घेणार नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

वजनही सांगतं. पहिला डिस्कवाला पीएस ५ साडेचार किलोचा, २०२१ चा ४.२, २०२२ चा ३.९. स्वयंपाकघरातला काटा पाच किलोपर्यंतचा असेल तर घेऊन जा, हसू दे त्याला.

स्विच २ मध्ये धोका वेगळा आहे. नकली गेम कार्ट्रिज वापरलेल्या यंत्रांवर निन्टेंडोने जून २०२५ पासून बंदी घातली, आणि ती बंदी यंत्राला चिकटते, मालकाला नाही. तुम्ही नवं खातं उघडलं तरी ऑनलाइन काहीच चालत नाही. पैसे द्यायच्या आधी आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान उघडा. २१२४-४५०८ हा एरर आला तर उठा आणि निघा. पडद्याचीही नीट पाहणी करा. पेटीत यंत्र अगदी वरच्या पुठ्ठ्याखाली असतं; न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या एका दुकानात लाँचच्या रात्री पेटीला बिलं स्टेपल केली आणि पिना थेट पडद्यात घुसल्या होत्या. पेटीवर टोचल्याच्या दोन खुणा दिसल्या तर त्या क्षुल्लक समजू नका.

थांबलो तर सुधारित मॉडेल मिळेल की नुसतीच किंमत वाढेल? — एक वाचक, ठाणे

पूर्वी उत्तर सरळ होतं: थांबा. पीएस ५ मध्ये २०२२ ला चिप ६ नॅनोमीटरवर गेली, ३०८ ची सुमारे २६० चौरस मिलिमीटर झाली, म्हणजे त्याच वेफरमध्ये १९० ऐवजी २३० च्या आसपास. मालही वाढला, २०२३ च्या जानेवारीत सोनीने टंचाई सरल्याचं सांगितलं. पण किंमत उतरली नाही. भारतात ती नोव्हेंबर २०२२ मध्ये ४९,९९० ची ५४,९९० झाली, अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलरनी वाढली. त्यात आता मेमरीचा नवा घोर. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढवली आहे की मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. जुना कन्सोल पुढे स्वस्त होईल या आशेवर आज कोणी थांबू नये. पहिल्या खेपेतले दोष टाळायला सहा महिने थांबलात तर ते शहाणपणाचं. दुपटीने पैसे मोजण्यापेक्षा तर नक्कीच.

स्विच २ आला, पण दुकानदाराने दिलेलं मेमरी कार्ड चालत नाही. — एक वाचक, रत्नागिरी

कार्ड खराब नाही, जातच वेगळी आहे. स्विच २ वर गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. मागच्या बाजूला पिनांची दुसरी ओळ असते, त्यावरून ओळखा. लाँचच्या वेळी कन्सोलपेक्षा हीच कार्डं मिळेनाशी झाली होती. तसंच २०२४ मध्ये डिस्क ड्राइव्ह नसलेला प्रो जाहीर होताच पीएस ५ ची सुटी डिस्क ड्राइव्हही गायब झाली होती. यंत्रात २५६ जीबी जागा आहे, तोवर तेवढ्यात भागवा. साधं कार्ड दुकानदाराला परत करा. जुन्या स्विचमधलं असेल तर त्यावरचे फोटो-व्हिडिओ नव्या यंत्रात उतरवून घेता येतात, बाकी उपयोग नाही.